वाचकांचे प्रश्न : सहावी ते आठवीच्या मुलांना पृथ्वी, आकाश आणि माळरान शिकवताना

सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून शिक्षक व पालकांची जी पत्रे या सदराकडे आली आहेत, त्यांतील बरीचशी एकाच अडचणीबद्दल आहेत. भूविज्ञान, खगोल आणि पर्यावरण हे विषय विज्ञान व भूगोल अशा दोन पुस्तकांत विभागलेले आहेत, त्यांतील उदाहरणे दूरची आहेत, आणि शाळेत साधने फारशी नाहीत. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी अक्कलकोट तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. ऋतू कसे होतात हे शिकवून झाल्यावरही निम्म्याहून अधिक मुले उत्तरपत्रिकेत ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते’ असेच लिहितात. पृथ्वीगोल आणि बॅटरी घेऊन प्रात्यक्षिक दाखवले, तरी फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : मुलांचे हे उत्तर चुकीचे असले तरी बिनबुडाचे नाही. चुलीच्या जवळ गेले की अधिक भाजते हा त्यांचा रोजचा अनुभव आहे, आणि पुस्तकातील आकृतीत पृथ्वीची कक्षा तिरकस बाजूने पाहिल्यासारखी लांबट काढलेली असल्यामुळे तो अनुभव पक्काच होतो. प्रत्यक्षात ती कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते. आपल्याकडे हुरड्याचे आणि थंडीचे दिवस असतात तेव्हाच सूर्य सर्वांत जवळ असतो, एवढे सांगितले की वर्ग गप्प होतो. मात्र जुने उत्तर हातचे गेले म्हणून नवे आपोआप सापडत नाही. ते मुलांना मोजून मिळवू द्यावे लागते, आणि त्यासाठी पृथ्वीगोलापेक्षा शाळेच्या पटांगणातील एक काठी अधिक कामाची आहे.

जमिनीच्या वर बरोबर एक मीटर राहील अशी सरळ काठी सपाट जागी रोवावी, ती ओळंब्याने तपासावी, आणि दुपारी बारा ते एक या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सर्वांत लहान सावली बारा वाजता पडत नाही, हे मुलांच्या पहिल्याच दिवशी लक्षात येते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि सोलापूर ७५.९ अंशांच्या जवळ आहे, त्यामुळे येथील खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२ वाजून १० मिनिटांपर्यंत अलीकडे येते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४० मिनिटांपर्यंत पुढे जाते. सर्वांत लहान सावलीची रेघ म्हणजे खरी दक्षिणोत्तर रेघ, हा त्यातून मिळणारा वरकड लाभ आहे. त्यासाठी होकायंत्र लागत नाही.

सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर आहे. त्यामुळे एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तरेकडे सुमारे ८७ सेंटिमीटर, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तरेकडेच सुमारे ३२ सेंटिमीटर, आणि २१ जूनच्या सुमारास दक्षिणेकडे अवघी १० सेंटिमीटर भरते. दक्षिणेकडे पडणारी ही सावली पाहून मोठी माणसेही चकित होतात, कारण सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकल्याचे एरवी कोणी पाहिलेले नसते. मे महिन्याच्या १० किंवा ११ तारखेला आणि ऑगस्टच्या २ तारखेच्या सुमारास तो मध्यान्ही बरोबर माथ्यावर येतो आणि सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, म्हणून ऑगस्टचा दिवस धरावा. त्या दिवशी मध्यान्ह १२ वाजून ३२ मिनिटांच्या आसपास असते. आभाळ आलेले असेल तर एक-दोन दिवस मागेपुढे पाहिले तरी चालते, कारण सावली तेव्हाही जेमतेम अर्ध्या-एक सेंटिमीटरचीच असते.

या मोजमापानंतर मग बॅटरी हातात घ्यावी. चौकटीच्या वहीच्या पानावर तिचा झोत आधी सरळ आणि मग तिरका पाडून मुलांना उजळलेले चौकोन मोजायला लावावेत. तोच प्रकाश अधिक जागेवर पसरल्याचे त्यांना दिसेल. वातावरणाचा परिणाम बाजूला ठेवला तर सोलापुरातील सपाट जमिनीला डिसेंबरच्या मध्यान्ही मिळणारे ऊन जूनच्या मध्यान्हीच्या सुमारे पाऊणपटच असते. त्याला दिवसाच्या लांबीची जोड द्यावी. दिनदर्शिकेतील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा वजा करायला दिल्या की जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा आणि डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तास ५ मिनिटांचा निघतो.

येथे एखादे चुणचुणीत मूल विचारील की, सूर्य जूनमध्ये सर्वांत उंच असतो, तर मग मे महिना अधिक का तापतो? या प्रश्नाची वाटच पाहावी. सोलापुरात सूर्य ११ मेपासून २ ऑगस्टपर्यंत माथ्याच्या आसपासच असतो, पण जूनमध्ये ढग येतात, जमीन भिजते आणि पाण्याची वाफ होण्यात बरीच उष्णता खर्च होते. म्हणजे आपला उन्हाळा मोसमी वारे मोडतात. पुस्तकातील चार ऋतूंची आकृती मुळात समशीतोष्ण प्रदेशाची असते, आणि ती आपल्या मुलांना जशीच्या तशी पटत नाही यात मुलांचा दोष नाही. वर्षातून जून, ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशी पाच मोजमापे झाली तरी पुरे. कललेल्या आसाचा पृथ्वीगोल त्यानंतर आणावा, म्हणजे तो मुलांनी मोजलेल्या आकड्यांचे कारण सांगण्यासाठी आलेला असेल.

प्रश्न : आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. माझी मुलगी आठवीत आहे. जूनमध्ये आजोबा ‘मृग लागला’ म्हणतात, पण त्या दिवसांत आकाशात मृग नक्षत्र दिसत नाही. तिने हे शाळेत विचारले, तेव्हा ‘ती जुनी समजूत आहे’ असे उत्तर मिळाले. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते, हेही तसेच समजायचे का?

उत्तर : दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पहिलीत चूक काहीच नाही. ‘मृग लागला’ याचा अर्थ सूर्य आकाशाच्या मृग नावाच्या भागात आला, आणि हे साधारण ७ किंवा ८ जूनला घडते. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे २७ समान भाग मानलेले असल्यामुळे तो प्रत्येक भागात तेरा-चौदा दिवस राहतो. सूर्य ज्या भागात असतो तो भाग त्याच्याबरोबरच उगवतो आणि मावळतो, म्हणून त्या दिवसांत तो दिसणे शक्यच नसते. शेतकऱ्याचा मृग हा न दिसणारा मृग असतो, आणि आकाशदर्शनाचा मृग डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, सूर्य आकाशाच्या विरुद्ध बाजूला असताना दिसतो. मुलीला वर्गात हे दाखवून द्यायचे असेल तर एका विद्यार्थ्याला सूर्य करून मध्ये उभे करावे, भिंतींवर नक्षत्रांची नावे लावावीत आणि तिने त्याच्याभोवती फिरत, सूर्याच्या पाठीमागे कोणते नाव येते ते सांगत जावे. मृगावर पाऊस येतोच की नाही हा मात्र हवामानाचा प्रश्न आहे. सूर्याचे स्थान तारखेबरहुकूम ठरलेले असते, मोसमी वारे तसे बांधलेले नसतात.

संक्रांतीचे उत्तर आधीच्या काठीवरून मिळते. मध्यान्हीची सावली २१-२२ डिसेंबरनंतर आखडू लागते, म्हणजे सूर्य तेव्हाच उत्तरेकडे वळलेला असतो. मकर संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली जाते, आणि पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी या गतीने हळूहळू दिशा बदलत असल्यामुळे ऋतूंची आणि ताऱ्यांची मोजणी साधारण ७२ वर्षांत एक अंश एकमेकींपासून सरकते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होत्या. आज त्यांच्यात २४ अंशांचे, म्हणजेच जवळपास २४ दिवसांचे अंतर पडले आहे. आपल्याकडे संक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्ड्याची यात्रा सिद्धरामेश्वरांच्या परंपरेची असून तिचे महत्त्व या हिशेबावर अवलंबून नाही, त्यामुळे हा भाग शिकवताना कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याची गरज पडत नाही.

प्रश्न : बार्शीच्या शाळेत सहावीला खडकांचे प्रकार शिकवतो. आमच्याकडे सगळीकडे एकच काळा दगड आहे. स्तरित आणि रूपांतरित खडकांचे नमुने कोठून आणावेत?

उत्तर : नमुने मुलांच्या घरातच आहेत. सोलापूर जिल्ह्यातील असंख्य घरांत जमिनीला शहाबादी फरशी आहे; ती शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद परिसरातील चुनखडक असून तो स्तरित खडक आहे. भूशास्त्रज्ञ ज्या खडकसमूहात त्याची गणना करतात त्याला आपल्याच नदीवरून ‘भीमा’ हे नाव दिलेले आहे, आणि तो दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुना आहे. स्वयंपाकघरातील कडाप्पा हाही चुनखडकच. देवघरातील संगमरवर हा रूपांतरित खडक आहे. पांढरी, काळी, गुलाबी स्फटिके उघड दिसणारा ग्रॅनाइटचा तुकडा फरशीच्या दुकानातील टाकाऊ मालात सहज मिळतो, आणि तो अग्निजन्य असला तरी आपल्या काळ्या दगडासारखा, म्हणजे बेसॉल्टसारखा, बारीक पोताचा का नाही, हा चांगला प्रश्न त्यातून निघतो. ग्रॅनाइटचा रस जमिनीखाली खोलवर सावकाश निवला, आपल्या बेसॉल्टचा लाव्हा पृष्ठभागावर लवकर निवला. शहाबादी फरशी खिळ्याने खरवडून त्या भुकटीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकले की बुडबुडे येतात, बेसॉल्टच्या भुकटीवर सहसा येत नाहीत. ही चाचणी प्रत्येक मुलाला स्वतः करता येते.

तथापि, एकच दगड आहे म्हणून वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. हा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून एकामागून एक आलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे, आणि हे थर आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले आहेत. शेततळ्याचा ताजा खोदाव किंवा रस्त्यासाठी फोडलेली टेकडी हा त्याचा उत्तम छेद होय. वर काळी माती, तिच्यात चुन्याचे पांढरे खडे, खाली मुरूम, त्याखाली विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पांढऱ्या ठिपक्यांचा ठिसूळ थर आणि मग घट्ट पाषाण, असा क्रम अनेक ठिकाणी दिसतो. ते पांढरे ठिपके म्हणजे लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर जमलेली झिओलाइट, कॅल्साइट यांसारखी खनिजे होत. दोन थरांच्या मध्ये कोठे विटकरी लाल पट्टा दिसला तर तेथे मुद्दाम थांबावे. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात खालच्या थराचा माथा उघड्यावर राहून हवा-पाण्याने झिजल्याची ती खूण मानली जाते, आणि भूशास्त्रातील काळ मुलांच्या डोळ्यांना दिसण्याची अशी संधी फार थोड्या ठिकाणी मिळते. मुलांना जुन्या विहिरीच्या काठावर मात्र नेऊ नये.

काळ्या मातीचा एक प्रयोग उन्हाळी सुट्टीपूर्वी करून घ्यावा. एप्रिलमध्ये शेतातील भेगांची खोली तारेने मोजावी, आणि जूनचे चांगले पाऊस झाल्यावर तीच जागा पुन्हा पाहावी. पाण्याने फुगणारी आणि सुकल्यावर आकसणारी चिकणखनिजे बेसॉल्टच्या झिजेतून तयार होतात, हे वाक्य मुलांना त्यानंतर समजावून सांगावे लागत नाही. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी पाऊस सरल्यानंतर याच मातीत मुरलेल्या ओलीवर वाढते.

प्रश्न : भूकंप फक्त भूपट्टांच्या सीमेवर होतात, असे मुलांनी वाचले आहे. मग किल्लारीला का झाला? (शिक्षिका, दक्षिण सोलापूर)

उत्तर : बहुतेक मोठे भूकंप सीमांवर होतात, सर्व नाही. भारतीय भूपट्ट अजूनही वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत आशियाला रेटत आहे, आणि त्या रेट्याचा ताण भूपट्टाच्या आतल्या जुन्या कमकुवत भेगांवरही येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेला ६.२ तीव्रतेचा भूकंप अशा प्रकारचा होता. हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपेत अंगावर आल्यामुळे. म्हणून हा धडा घरबांधणीशी जोडूनच शिकवावा. आजी-आजोबांकडून त्या पहाटेची हकिगत विचारून आणायला सांगता येईल, परंतु काही घरांत तो विषय अजूनही दुखरा असतो, तेव्हा सक्ती करू नये.

प्रश्न : उत्तर सोलापूर तालुक्यातील आमच्या शाळेच्या हरित सेनेने गावाशेजारच्या ओसाड माळावर पावसाळ्यात झाडे लावायचे ठरवले. गावातील एका मेंढपाळाने ‘माळ मोकळाच राहू द्या’ म्हणून विरोध केला. मुलांना पर्यावरण शिकवायचे, तर झाडे लावण्यापेक्षा चांगले काय असू शकते?

उत्तर : मेंढपाळाचे म्हणणे त्यांच्या मेंढरांपुरते खरे आहेच, पण त्याहून अधिकही खरे आहे. माळ ओसाड नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस आणि मुरमावर वीतभर माती असलेल्या जागी निसर्गतः उभे राहते ते गवत आणि तुरळक काटेरी झुडूप. एप्रिलमध्ये ते वाळलेले दिसते तेव्हा त्याची मुळे जिवंत असतात, आणि गवताळ प्रदेशातील कार्बनचा मोठा साठा जमिनीखालीच असतो. त्याच्यावर दाट झाडी लावली की सावलीत गवत मरते आणि उघड्या जागेची सवय असलेले प्राणी निघून जातात. सरकारी नोंदींत अशा जमिनी दीर्घकाळ ‘पडीक’ म्हणून मांडल्या गेल्या, आणि आपली पुस्तकेही परिसंस्था म्हटली की जंगल किंवा तळेच काढतात. सोलापूरचे मूल अन्नसाखळीत बिनदिक्कत वाघ लिहिते. त्याच्या गावच्या माळावर जो लांडगा आहे, तो त्याला सुचत नाही.

आपल्या तालुक्यात तर ही उणीव अधिक खटकते, कारण नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून येथेच आहे. माळढोक हा उडणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक; नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि मादी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. शिकार, माळांची झालेली शेते आणि अलीकडे विजेच्या तारा यांमुळे देशात आता दीडशेहून कमी पक्षी उरले आहेत, तेही मुख्यतः राजस्थानात. नान्नजला तो दिसणे अतिशय दुर्मीळ झाले आहे. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि वजनामुळे ऐनवेळी वळताही येत नाही; शरीररचना आणि अधिवास यांचा संबंध सांगायला याहून चटका लावणारे उदाहरण शोधावे लागणार नाही. काळवीट, खोकड, चंडोल, माळटिटवी आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी मात्र अजून आहेत.

मुलांसाठी काम असे द्यावे. एक मीटर बाय एक मीटरचा सुतळीचा चौकोन घेऊन तीन जागा निवडाव्यात : सतत चरलेली, काही काळ राखलेली, आणि पूर्वी वृक्षलागवड झालेली. प्रत्येक चौकोनात गवताचे किती प्रकार आहेत (कुसळी, मारवेल, पवन्या यांची नावे गावातील जाणते सांगतील), नाकतोडे किती, वाळवीच्या खुणा आहेत का, शेणाखाली शेणकिडे आहेत का, आणि तांब्याभर पाणी जिरायला किती वेळ लागतो, याची नोंद सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीत करावी. त्यावरून मुलांनी जे अन्नजाळे काढायचे, त्यात मेंढी आणि मेंढपाळ यांनाही जागा असली पाहिजे. लांडगा मेंढरू उचलतो तेव्हा नुकसान कोणाचे होते, आणि तरीही धनगर माळाची राखण का करतो, हे त्या गृहस्थांनाच शाळेत बोलावून विचारावे. हरित सेनेला एवढा जाणकार पाहुणा सहज मिळणार नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात माळ तुडवू नये, आणि अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नये.

झाडे अवश्य लावावीत : शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, बांधावर. लिंब आणि बाभूळ ही आपल्याकडे तगणारी झाडे आहेत.

प्रश्न : शाळेला देणगी मिळाली आहे. दुर्बीण घ्यावी का? (मुख्याध्यापक, मोहोळ)

उत्तर : पहिल्या वर्षी घेऊ नये. मोठी दुर्बीण हाताळणारा शिक्षक बदलून गेला की ती कपाटात जाते. आधी नुसत्या डोळ्यांनी आणि मुठीने मोजायला शिकवावे; हात ताठ पसरला असता मूठ आकाशाचे सुमारे १० अंश झाकते, आणि मुलाचा हात लहान असला तरी मूठही त्याच प्रमाणात लहान असल्याने हिशेब फारसा चुकत नाही. ध्रुवतारा मोहोळहून उत्तर क्षितिजावर पावणेदोन मुठी दिसतो, कारण त्याची उंची म्हणजे जवळपास आपला अक्षांशच. फेब्रुवारीच्या मध्यानंतर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे वळल्यास अगस्त्य तारा जवळजवळ दोन मुठी उंचीवर दिसतो. काश्मीरमधून तो दिसणे कठीण असते, हे सांगितले की पृथ्वीच्या गोलाईचा पुरावा मुलांना घरबसल्या मिळतो.

अंतरांची कल्पना देण्यासाठी पृथ्वी म्हणून चार मिलिमीटरचा ज्वारीचा दाणा घ्यावा. मग चंद्र म्हणजे बारा सेंटिमीटरवरचा राजगिऱ्याचा दाणा, सूर्य म्हणजे सुमारे ४४ सेंटिमीटर व्यासाचा गोळा, आणि तो दाण्यापासून ४७ मीटरवर ठेवायचा. याच प्रमाणात नेपच्यून १.४ किलोमीटरवर जातो, आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा साडेबारा हजार किलोमीटरहून दूर पडतो.

देणगीतून घ्यायचेच असेल तर ७×५० किंवा १०×५० च्या (सातपट किंवा दहापट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगाच्या) दोन द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या हातातील दुर्बिणी, घ्याव्यात. त्यांतून चंद्रावरची विवरे, कृत्तिकांचा पुंजका आणि हात भिंतीला टेकवून स्थिर धरले तर गुरूचे चार मोठे उपग्रहही दिसतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा, आकाशदर्शन अमावास्येच्या आसपास ठेवावे, आणि द्विनेत्री सूर्याकडे रोखली जाणार नाही याची खात्री राहावी म्हणून ती दिवसा मुलांच्या हाती देऊ नये.